चाकूच्या टोकाएवढं

रायपूर
११ फेब्रुवारी २००९

अपर्णा,

जयभीम. पत्रात आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो मी लिहित नाही. मनातून निघन तेव्हा लिहीन.

आठ वर्षांत पहिलं पत्र लिहून राहिली. काहून लिहितो ते आधीच सांगतो, म्हणजे तू भलतंच काही समजणार नाही. तू बाबाच्या नावानं काळी बाटली पाठवली होती ती संपत आली. तशीच आणखी पाठव. एक नको, दोन पाठव. काम एवढंच.

एवढ्यावर पाकीट बंद करत होती, पण क्षमाताई म्हणाल्या, कमलाबाई, विलायतेला अर्धा कोरा कागद पाठवू नका, बरं दिसत नाही. क्षमाताई म्हणजे शंकर नगरच्या, ज्याईच्या घरी मी दोन टाइम स्वयंपाक करतो. हव, करतो. बाबाची पेन्शन आहे तरी करतो. घरात बसून मले भिंती पाहायच्या नाहीत. पाकिटावरचा इंग्लिश पत्ता त्याईनं लिहिला. आतलं मी स्वतः लिहून राहिली. चौथीपर्यंतच गेली होती, अक्षर तसंच येईन. वाच नाहीतर नको वाचू.

पार्सल आलं तेव्हा बाबानं तुह्यं नाव वाचलं अन् मह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, फेका. त्याईनं फेकलं नाही. झाकण उघडलं तर आत डांबर. बोट बुडवून नाकाशी नेलं अन् हसले. म्हणाले, "पोरीले वाटते म्हातारा अजून वॅगन कारखान्यात आहे. ग्रीस पाठवलं." वर्षभरात ते हसले नव्हते.

वर्ष झालं, बाबानं जेवण सोडल्यासारखंच आहे. ताटासमोर बसते, पोळीचा तुकडा इकडून तिकडं फिरवते, अन् म्हणते झालं. मी करतो ते त्याईच्या घशाखाली जात नाही. तेहतीस वर्षं जे हात चाटून खाल्लं तेच. त्या दिवशी तुह्या बाटलीतलं पोळीले लावून दिलं तर अख्खी पोळी खाल्ली. मग म्हणाले, आणखी एक दे. मी गॅसपाशी उभी होती, मह्या हातातला चिमटा खाली पडला.

तुह्या चिठ्ठीत लिहिलं होतं की याची चव बासीसारखी लागते. ते वाचून बाबानं चिठ्ठी उशाखाली ठेवली. मले मात्र राग आला. तू अजून ते विसरली नाही म्हणजे.

मीही विसरली नाही. तू सात वर्षांची होती. शालिग्रामच्या घरी ओट्यावर बसून त्याच्या मायच्या हातची बासी खात होती. रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा. मी तुले केसाची झोटी धरून आणलं अन् नळाखाली तोंड धुतलं. सारा पारा, सारा मोहल्ला पाहत होता. तुले वाटलं माय दुष्ट आहे. मह्या आईनं गावात दुसऱ्याच्या दारचं शिळं ओंजळीत घेतलं होतं, वरून टाकलेलं. मी कसम खाल्ली होती की मह्या घरात शिळं कोणी तोंडात घालणार नाही. हे तुले तेव्हा सांगायले पाह्यजे होतं, पण लेकराले कोण सांगते असं. मग तू त्याच घरात लग्न करून गेली. रायपूर राजधानी झाली म्हणून फटाके फुटून राहिले होते अन् तू घर सोडलं. मी म्हटलं होतं की आता तोंड दाखवू नको. म्हटलं ते म्हटलं.

वर दोन ओळी गिचमिड केल्या आहेत, त्या उजेडात धरून वाचू नको. त्यात काही नाही.

दोन बाटल्या. लवकर.

कमला

•

रायपूर
२४ मार्च २००९

अपर्णा,

तुह्यं पत्र भेटलं. हिंदीत लिहिलं. मराठी समजते तुले, मग लिहायले काय होते.

चार पानं लिहिली अन् त्यात दोन पानं सवाल. बाबा को क्या हुआ है, सच बताओ. बी पी तो नहीं है. शुगर तो नहीं है. किडनी की जाँच कराई क्या. तू तिथं नर्स झाली म्हणून मह्या घरात दवाखाना खोलू नको. बाबाले काही नाही. वय झालं. पासष्ट वर्षांच्या माणसाचे पाय थोडे सुजतेच. तोंडाले चव नाही म्हणून जेवत नाही, बस.

तू लिहिलं की त्यात नमक बहुत है. ठीक आहे. ऐकलं.

बाकी पत्र मी बाबाले वाचून दाखवलं. मले अडखळत वाचता येते अन् त्याईच्या डोळ्याले आता बारीक अक्षर दिसत नाही, तर एक पत्र तीन दिवस पुरलं. तू नवीन नवीन गेली, दवाखान्याच्या चहाच्या खोलीत कोणीतरी ब्रेडवर लावून दिलं, अन् वासानंच तुले रडू आलं, हे दोनदा वाचायले लावलं. आता ड्युटीवरून आली की रोज सकाळी तू तेच खाते, असं लिहिलं. अन् शालिग्रामले वास सहन होत नाही, तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. यावर बाबा म्हणाले, "बासीवर वाढलेला पोट्टा विलायतेत जाऊन साहेब झाला." मग ठसका लागेपर्यंत हसले.

क्षमाताईनं बाटलीवरचं इंग्लिश वाचून दाखवलं. दारू गाळल्यावर खाली जो खमीर राहते त्याचं बनवतात म्हणे. मी घरी येऊन भीत भीत सांगितलं, कारण बाबानं जन्मात महुआची दारू हुंगली नाही. पाऱ्यातल्या किती जणांची त्याईनं सोडवली. ऐकून म्हणाले, जिंदगीभर लोकाईले उपदेश केला, आता पोरगी गाळ पाजून राहिली. अन् पोळी पुढं केली. ताकद यायचे व्हिटॅमिन आहेत त्यात, तेही ताईनं वाचलं. सगळं वाचलं.

पहिली बाटली संपली. उन्हात उलटी ठेवून निथळली. मग गरम पाणी टाकून हलवली अन् ते पाणी वरणात ओतलं. दोन दिवस त्याच्यावर जेवले. आता सहा दिवस झाले, पुन्हा ताट तसंच परत येते. बुधवारी अन् शनिवारी आल्यावर तर डोळेही उघडत नाही. कुठून आल्यावर ते विचारू नको. कामं असतात.

तू लिहिलं बाबाशी फोनवर बोलायचं आहे. नाही. तू हिंदीत रडशील, ते मराठीत रडतील, अन् फोन मह्या हातात असंल.

पार्सल टाकलं असंल तर ठीक. नसंल टाकलं तर आज टाक.

कमला

•

रायपूर
३० एप्रिल २००९

अपर्णा,

दोन्ही बाटल्या आल्या. फुटल्या नाहीत.

बाबा जेवून राहिले. पोळीवर, भातात, पोह्यावर, सगळ्यावर तेच. काल भात पाण्यात कालवून त्यात काळं टाकून मागितलं. मी म्हटलं, हे बासीच झालं की. म्हणाले, "कमल, तुह्या घरात बासी शिरली. पोरीनं बाटलीत भरून धाडली." मी तोंड फिरवून उभी राहिली. करून दिलं पण. मह्या हातानं करून दिलं.

ऊन लय आहे. पाणी मागते सारखं. एवढ्या उन्हात पाणी कोणाले नाही लागत.

तोंड भरलं आहे. क्षमाताई पाहायले आल्या तर म्हणाल्या, चेहरा सुजलाय का यांचा? मी म्हटलं, जेवून राहिले म्हणून अंगावर आलं.

जास्त लिहित नाही. हात रिकामा नाही.

बाबानं लिहायले सांगितलं की त्याईनं तुले माफ केलं. मग म्हणाले, नको, तसं नको लिहू, मी कधी रागावलोच नव्हतो. तेही लिहितो. मह्याकडून काही लिहित नाही.

कमला

•

रायपूर
५ जून २००९

अपर्णा,

तुह्ये बाबा २६ मेले गेले. दुपारी दोन वाजता, दवाखान्यात. श्वास पुरला नाही. हार्ट बंद पडलं.

तुले फोन केला नाही. करून काय झालं असतं, तू विमानात बसेपर्यंत इथं सगळं झालं असतं. कारखान्यातले लोक आले, विहारातले आले. शालिग्रामची माय आली, मी तिच्याकडं पाह्यलं नाही. पुण्यानुमोदन झालं. तिनं तुले कळवलं असंल, मले माहीत आहे.

पार्सल आणखी एक आलं चौथ्या दिवशी. मी सांगितलं नव्हतं, तू आपल्याच मनानं पाठवलं. पोस्टमन म्हणाला, तुळशीराम जी को साइन करना पड़ेगा. मी म्हटलं, मग त्याईले घेऊन या. मह्या सहीवर ठेवून गेला.

तू विचारशील काय झालं होतं. चांगले जेवत होते. तुह्या त्या बाटलीत काय होतं कोण जाणे.

कमला

•

रायपूर
१९ जुलै २००९

अपर्णा,

तुह्यं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज काढतो अन् रोज ठेवतो.

मले वाटलं शिव्या देशील. तू एकच पान लिहिलं. माँ, मुझे मालूम है किसने मारा. मैंने मारा. मैंने पूछा था, पर आपने ना कहा तो मैंने मान लिया. मैं नर्स हूँ, मुझे नहीं मानना था. अन् खाली लिहिलं की आता तुह्याच्यानं काही खाल्लं जात नाही, ड्युटीवर जात नाही, शालिग्राम सुट्टी घेऊन घरी बसला आहे.

बस कर. आता मी सांगतो ते वाच, अन् मधात थांबू नको.

बाबाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मागच्या वर्षी जानेवारीतच कळलं. बुधवार अन् शनिवार डायलिसिस होतं. पहिल्या पत्रात मी ज्या ओळी गिचमिड केल्या त्यात हेच लिहिलं होतं. लिहिलं, अन् मग खोडलं. कारण तू नर्स. तुले कळलं असतं तर तू बाटली पाठवली नसती. मले बाटली पाह्यजे होती. तुह्या मार्चच्या पत्रात तू नीट विचारलं होतं, किडनी म्हणून नाव घेऊन विचारलं, अन् मी नाही म्हटलं. चुकून नाही. समजून.

डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. पाणी दिवसाचे दोन गिलास. मी घरातला मिठाचा डबा उचलला अन् क्षमाताईकडं ठेवून आली. दोघांचं वेगळं नाही रांधलं. त्याईचं अळणी तर मह्यंही अळणी, एकाच गंजातलं, एकाच भांड्यातलं. वर्षभर. पाऱ्यातल्या बायाईले मी सांगत होती, मी मीठ सोडलं म्हणून. लय मान होता मले त्याचा. अळणी वरण कधी खाऊन पाह्य. तोंडात ओला कापूस कोंबल्यासारखं लागते. शंकर नगरच्या घरी मी रोज दोन टाइम मीठ टाकून भाजी करत होती अन् चाखत नव्हती. अंदाजानं टाकत होती. ताई म्हणत, तुमच्या हाताला माप आहे.

तुह्ये बाबा बोलत नव्हते, पण खात नव्हते. पहिले पोळी सोडली, मग वरण. चाळीस किलो राहिले. डॉक्टर म्हणे, खिलाओ इनको. मी म्हटलं, काय खिलाऊ. तो म्हणे, सब कुछ, बस नमक नहीं.

मग तुह्यी बाटली आली.

आता ऐक. बाबानं खायच्या आधी मी चाखलं. बोटावर घेतलं अन् जिभेवर ठेवलं. अपर्णा, मिठाचा दगड. वर्षभरात मह्या जिभेवर पहिल्यांदा काही आलं. माहं सारं तोंड पाण्यानं भरलं, डोळेही भरले. मले त्याच घडीले कळलं की यात मीठ आहे, घरात जेवढं लागते त्याच्या दसपट आहे. क्षमाताईनं नंतर वाचून सांगितलं ते काही नवीन नव्हतं. त्या म्हणाल्या, "कमलाबाई, यांना हे देऊ नका हं, यात फार मीठ आहे." मी म्हटलं, नाही देत, मीच खातो.

त्यातलं तेवढं अर्धं खरं होतं. मीही खात होती. बाबाले लावून झालं की चाकू मी चाटत होती. रोज. ते आत जेवून राहिले अन् मी ओट्यापाशी पाठ करून उभी, चोरासारखी. मले ती चीज आवडली होती. आता कोणापुढं लपवू. पहिले वास येत होता, मग त्या वासानंच भूक लागत होती. बाटली उघडली की घरात दोन माणसं जिवंत असल्यासारखं वाटत होतं.

चिठ्ठीत तू बासीचं लिहिलं होतं ते मी तुले सांगितलं, त्याच्या पुढचं नाही सांगितलं. तू लिहिलं होतं, बाबा, चाकू की नोक पर जितना आए, बस उतना ही. पहिल्या दिवशी मी तेवढंच लावलं. टोकाएवढं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, थोडं जास्त लाव. मी लावलं. मार्चपर्यंत चाकूचं पातं भरत होती. दोन बाटल्या आल्यावर चमचा घेतला.

मे महिन्याच्या सुरुवातीले एकदा त्याईनं ताटावरून वर पाह्यलं अन् विचारलं, "कमल, यात मीठ तर नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "बरं." अन् खाऊ लागले.

त्याईले माहीत होतं असं लिहून मी मोकळी होऊ शकतो. ज्याले वर्षभर मीठ भेटलं नाही त्याच्या जिभेले मीठ कळणार नाही, असं कुठं असते. कळलंच असंल. पण विचारलं मले होतं. अन् विचारलं म्हणजे मी नाही म्हणावं, ताट ओढून घ्यावं, अशी एक वाट त्याईनं ठेवली होती की नाही, हे मी आता कोणाले विचारू.

मग तहान. मी पाणी दिलं. गिलास मोजणं मी मार्चमध्येच सोडलं होतं. पाय, मग पोट, मग तोंड. शेवटच्या शनिवारी मशीनवर तीन तास होते अन् पाणी निघालं नाही पुरतं. मंगळवारी सकाळी बसल्या बसल्या श्वास लागला. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरनं मले बाजूले घेऊन विचारलं, "अम्मा, घर में नमक किसने दिया?" मी म्हटलं, आमच्या घरात मिठाचा डबाच नाही. त्यानं मह्याकडं पाह्यलं अन् सिस्टरले म्हणाला, अम्मा तो खुद बिना नमक का खाती हैं. सगळ्यांसमोर. दोन नर्सा उभ्या होत्या. त्याईनं मले पाणी दिलं, खुर्ची दिली.

तुले पाच जूनले जे लिहिलं ते त्याच तोंडानं लिहिलं. बाटलीत काय होतं कोण जाणे. मी जाणत होती. माहं मन म्हणत होतं, ती दूर आहे, तिच्यावर पडलं तर आवाज येणार नाही. आठ वर्षं मी तुले एक दोष देत होती, दुसरा ठेवायले जागा होतीच.

तर हे असं आहे. तू बाटली बापाले पाठवली, प्रेमानं, मापही लिहून दिलं. विचारायचं ते विचारलं. पुढचं सगळं ह्या हातानं झालं. तू उठ अन् ड्युटीवर जा. तुह्या बापाच्या मरणात तुह्यं काही नाही. मह्या वाट्यातलं मागू नको, मी देणार नाही.

शालिग्रामची माय रोज सकाळी येते. बोलत नाही. काशाच्या वाटीत बासी ठेवते, कांदा ठेवते, चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत. पहिले आठ दिवस मी नालीत ओतली. नवव्या दिवशी ती निघालीच नाही, दारात बसली अन् म्हणे, "ले बहिनी, खा ले. तोर नोनी घलो इही खावत रिहिस." तुह्यी पोरगीही हेच खात होती, म्हणाली. मी मिठाची पुडी परत दिली अन् बिनामिठाची खाल्ली. आंबूस, थंड. बाटलीतला वास त्यात खरंच आहे. तू बरोबर होती. मले पंचवीस वर्षं लागली.

क्षमाताईनं मिठाचा डबा आणून दिला. फळीवर आहे, उघडत नाही. अळणी सुटत नाही आता. कोणासाठी सोडू.

तुह्यी शेवटची बाटली त्याच्या बाजूले आहे. झाकणाची पट्टी तोडली नाही. फेकायले दोनदा हात लावला, दोनदा काढला, कारण अजूनही मले ती खावीशी वाटते. हे लिहायले लाज वाटते, पण आज सगळंच लिहून राहिली तर हेही. रोज वाटते. तुह्या बापाले ज्यानं मारलं तेच तोंडाले पाह्यजे.

तू येशील की नाही ते मी विचारत नाही. हे वाचून तू येणार नाहीस असंच मले वाटते, अन् तुह्या जागी मी असती तर आली नसती. पत्रही नको लिहू. अन् बाटली पाठवू नको. पाठवली तर मी उघडीन.

पहिल्या पत्रात आशीर्वाद लिहिला नव्हता. बाबा गेले, तर आता त्याईच्या वाटचा अन् मह्या वाटचा दोन्ही मलेच लिहायचे आहेत. त्याईचा पूर्ण घे. मह्यातला चाकूच्या टोकाएवढा घे, बस.

आई